सिलिंडर जमिनीवरच बरे!

गोंदिया जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. मग गॅसचे सिलिंडर खड्ड्यात, गारव्याला ठेवावे, असे कुणालाही वाटेल. अमेरिकेत तर काही घरांसाठी प्रोपेनची टाकी जमिनीत पुरतातही. पण ती घराबाहेर असते. तिचे तोंड अंगणात उघडते, स्वयंपाकघरात नव्हे.

आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरात मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन असतात. हवेचा सरासरी रेणुभार २९, प्रोपेनचा ४४ आणि ब्यूटेनचा ५८. म्हणजे गळलेला गॅस वर न जाता पाण्यासारखा खाली उतरतो व खड्ड्यात साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले, की एक ठिणगी पुरे!

आणि उन्हाचे काय? सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत. द्रव फुगण्यास आत जागा सोडलेली असते. त्याला सावली पुरते.

म्हणून माझे मत असे, की सिलिंडर जमिनीवर, उभे व हवेशीर जागी असावे आणि शेगडी त्याहून उंच ओट्यावर. तुमच्या घरी ते खोलगट जागी असेल, तर वडीलधाऱ्यांना नुसता धोका सांगू नका. रेणुभाराचे गणित मांडून दाखवा.