पिंप कुठनं आलं?

गेल्या महिन्यात आमच्या विहारात व्यसनमुक्तीवर बैठक झाली. वक्ते बाहेरगावचे प्राध्यापक. पांढरा शर्ट, सुरकुती न पडणारा. (ह्या शर्टाकडं मी मागाहून येतो.) प्राध्यापक म्हणाले, विषारी दारू पिऊन मेलेल्यांसाठी माझ्या डोळ्यात पाणी येत नाही. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली एक तुम्हाला पाळता येत नाही, मग मरा. टाळ्या पडल्या. पोरांनी जोरात वाजवल्या.

पहिल्या रांगेत अण्णा बसला होता. टाळ्या जिकडून येत होत्या तिकडं तोंड करून. त्याला दिसत नाही.

दोस्तहो, मी पीत नाही. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझा वास घेत बसणार नाही. घरात बापाची बाटली बघत वाढलो, त्यामुळं बाटलीचं गाणं मला गाता येत नाही. कवितेतसुद्धा नाही. पण त्या दिवशी टाळ्या ऐकल्या नि माझं डोकं सटकलं. कारण जे आपले वक्ते बोलले तेच पोलीस बोलतात, तेच पेपर छापतात, तेच मालक बोलतो. प्यायला म्हणून मेला. विषय संपला. फाइल बंद.

अण्णा माझा चुलतभाऊ. आठ वर्षं एका सॉल्व्हंटच्या गोडाऊनला लोडर होता. टँकर यायचा, पाइप लावून पिंपं भरायची. पिंप २०० लिटरचं, भरलं की आत १६० किलोच्या आसपास माल. दोघांनी आडवं पाडायचं, घरंगळत न्यायचं, फळीवरनं टेम्पोत चढवायचं. हातमोजे नाहीत. टँकरच्या तळाला उरलेलं बादलीत काढायचं, ते कुठल्याच कागदावर नसायचं. मुकादम सगळ्यालाच 'स्पिरिट' म्हणायचा. पिंपावरच्या लेबलावर इंग्रजीत मिथेनॉल लिहिलेलं, खाली कवटी नि दोन हाडं. मराठी एक अक्षर नाही. कवटी तर ॲसिडवर पण असते, किटकनाशकावर पण असते. अण्णाला कवटीची सवय झाली होती.

दिवाळीच्या आदल्या रात्री चौघांनी ओव्हरटाइमचे पैसे मागितले. मुकादमानं पैशाऐवजी पाच लिटरचा कॅन पुढं सरकवला. म्हणाला, "पाणी घालून घ्या रे, पैशाचं सणानंतर बघू."

दोघं गेले. एक जगला, तो गावाकडं निघून गेला, परत आला नाही. अण्णाचे डोळे गेले. पंचनाम्यात काय लिहिलं? हातभट्टीची दारू प्राशन केल्याने. हातभट्टी! त्या गोडाऊनच्या आसपास भट्टी सोडा, चहाची टपरीसुद्धा धड नव्हती.

इथंच सगळी गोम आहे, म्हणून जरा थांबून बोलतो. मी दहावी नापास माणूस. केमिस्ट्री मला मिलनं शिकवली नि उरलेली रद्दीतल्या पुस्तकांनी. गुळाची, मळीची, मोहाची दारू काढली की त्यात जे तयार होतं ते इथेनॉल. वाईट आहे, लिव्हर खातं, संसार खातं, सगळं खरं. पण गूळ आंबवून मिथेनॉल निघतं ते नावाला. चार घोटात माणूस आंधळा व्हावा एवढं मिथेनॉल कुठल्याच गुळातनं निघत नाही. ते कारखान्यातनंच येतं. नैसर्गिक वायूचा, नाहीतर कोळशाचा आधी वायू करायचा – कार्बन मोनॉक्साइड नि हायड्रोजन – आणि तो दाबाखाली तापवून तांब्याच्या उत्प्रेरकावरनं न्यायचा, की मिथेनॉल. पूर्वी लाकूड बंद भांड्यात जाळून काढत. १९२३ मध्ये जर्मनीत ल्यूनाला मोठ्या कारखान्यात बनवायला लागले, तेव्हापासून लाकडाचं काम संपलं. आपल्याकडं तळोजा, ट्रॉम्बे, भरूच, आसामात नामरूप इथं कारखाने उभे राहिले. पण वायू आपल्याला महाग पडतो, म्हणून बहुतेक माल आखाती देशांतनं जहाजानं येतो, कांडल्यासारख्या बंदरात टाक्यांत उतरतो. तिथनं टँकर. टँकरनं मोठ्या कारखान्याला, नाहीतर व्यापाऱ्याच्या गोडाऊनला. गोडाऊनला पिंपं. पिंपातनं कॅन. जहाजावर त्याला कागद असतो, टँकरला कागद असतो. गोडाऊनच्या दारापाशी कागद पातळ होतो. कॅनला कागद नसतो.

म्हणजे बघा, वस्तीतल्या ज्या बाईनं ग्लासात ओतून दिलं तिला पहिल्यांदा पकडतात. तिनं समुद्रातनं टँकर आणला होता काय?

आणि हा माल लागतो कशाला? आता शर्टाकडं येतो. मी प्रोसेस मिलला स्टेंटरवर आहे. ओल्या कापडाला रेझिन लावून आम्ही ते गरम करतो, म्हणजे कापड चुरगळत नाही. त्या रेझिनमध्ये फॉर्माल्डिहाइड असतं. मशीन तापलं की वाफेबरोबर ते सुटतं, डोळे झोंबतात, नाकातनं पाणी. नवीन पोरगा आला की आठवडाभर रडतो, आम्ही हसतो. हे फॉर्माल्डिहाइड मिथेनॉलचंच करतात. प्लायवूडच्या डिंकात तेच, औषधाच्या कारखान्यात मिथेनॉल, रंगात, थिनरमध्ये मिथेनॉल. प्राध्यापकांचा शर्ट, त्यांच्या टेबलाचा सनमायका, त्यांच्या कपाटाचं प्लाय. सगळीकडं आमचं 'स्पिरिट' आहे. कुणाच्या घरात नाही ते सांगा.

आणि गंमत ऐका. गंमत कसली, च्यायला. अण्णाच्या पोटात गेलेल्या मिथेनॉलचं शरीरानं आधी फॉर्माल्डिहाइडच केलं. मग फॉर्मिक ॲसिड. ते ॲसिड डोळ्याच्या नसेला मारतं. मी स्टेंटरवर जे हुंगत होतो ते त्याच्या रक्तात तयार होत होतं. भावाभावांत एवढं तरी सारखं.

दारूत ही भेसळ का करतात? कारण कारखान्याच्या मालावर दारूचा कर नाही, म्हणून तो स्वस्त. वास जवळजवळ दारूचाच. बाकी विष कालवायची अक्कल काही वस्तीतली नाही, ती सरकारांची. इंग्लंडात १८५५ मध्ये कायदा करून कारखान्याच्या बिनकराच्या स्पिरिटमध्ये लाकडाचं स्पिरिट कालवायला सुरुवात झाली, लोकांनी पिऊ नये म्हणून. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा, १९२६-२७ च्या सुमारास, सरकारनं कारखान्याच्या अल्कोहोलमध्ये मिथेनॉल वाढवलं, माणसं मरतायत हे माहीत असून. कर बुडू नये, कायदा मोडू नये, माणूस मेला तर चालेल.

आता आपल्याकडचे मुडदे मोजू. २००४ मध्ये विक्रोळी, ८० च्या वर. जून २०१५, मालाडची मालवणी, शंभराच्या वर. जुलै २०२२, गुजरात, बोटादकडची गावं. तिथं तर दारूबंदी. ४० च्या वर मेले. पोलिसांनीच सांगितलं की एका गोडाऊनमधनं ६०० लिटर मिथेनॉल बाहेर पडलं नि पाणी घालून तसंच विकलं. भट्टी पेटलीच नाही. जून २०२४, तामिळनाडू, कल्लाकुरिचीचं करुणापुरम, ६० च्या वर. ती वस्ती कुणाची? आपलीच. मेलेल्यांत रोजंदारीवाले. सरकारनं घरटी दहा लाख जाहीर केले तर दारुड्यांना पैसे कशाला म्हणून लोक कोर्टात गेले. मे २०२५, अमृतसरजवळ मजिठा, २० च्या वर. पोलीस म्हणाले, मिथेनॉल ऑनलाइन मागवलं होतं. ऑनलाइन! आम्हाला रेशनकार्डावर नाव चढवायला तीन खेटे, नि विष घरपोच.

मालवणीच्या खटल्याचा निकाल २०२४ मध्ये लागला. नऊ वर्षांनी. चौघे दोषी, दहा सुटले. शंभर मेले, चार दोषी. मी हिशेबात कच्चा आहे, तुम्ही करा.

कायदा नाही म्हणता? आहे की. विषांचा कायदा १९१९ चा, इंग्रजाचा. मिथेनॉल बाळगायला, विकायला परवाना लागतो. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला शिक्षा तीन महिने किंवा पाचशे रुपये. पाचशे! आणि राज्य सरकारं इतकी वर्षं काय म्हणत आली? कारखान्याचं अल्कोहोल आमच्या हातात नाही, ते केंद्राचं. १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी तसंच सांगितलं होतं. २३ ऑक्टोबर २०२४ ला नऊ न्यायाधीशांनी, आठ विरुद्ध एक, ते मोडलं. म्हणाले, राज्यघटनेच्या राज्यसूचीत आठव्या नोंदीत जी 'मादक' द्रव्यं आहेत त्यात औद्योगिक अल्कोहोलही येतं. ती नोंद उघडून वाचा. बनवणं, बाळगणं, नेणं-आणणं, खरेदी, विक्री, सगळं तिथं लिहिलंय. आपण घटनेच्या नावानं मिरवणूक काढतो, तर आठवी नोंदसुद्धा पाठ पाहिजे. पण हेही लक्षात ठेवा, हा खटला महसुलासाठी लढला गेला. कर कुणी घ्यायचा, एवढंच भांडण होतं. मालवणीचा एकही मुडदा त्या कोर्टात नव्हता.

आता बावीस प्रतिज्ञा. प्राध्यापकसाहेब, प्रतिज्ञा जिवंत माणसानं घ्यायची असते, मेलेल्याच्या छातीवर ठोकायची नसते. आणि बाबासाहेबांचंच काढायचं तर पुरतं काढा. १९५१ च्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात पैसा कुठनं उभा करायचा ह्याचा हिशेब आहे, त्यात दारूबंदी उठवा असं साफ लिहिलंय. ज्यानं पुढं १९५६ मध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली त्याच माणसाच्या पक्षानं हे लिहिलं. त्यात विरोध कुठंय? माणसाला सुधारायचं ते धम्मानं, नि सरकारचा हिशेब मागायचा तो राजकारणानं. दोन वेगळी कामं. तुम्ही दुसरं काम टाळायला पहिलं पुढं करता.

माझा पणजा मुंबईच्या मिलला होता. रिंगखात्यात. साच्यावर आपल्या माणसाला घेत नसत, पगार तिथं जास्त होता तरी. कारण धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागायचा, आपलं तोंड लागलं तर बाकीच्यांना विटाळ. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे युनियनच्या पुढाऱ्यांपुढं मांडलं. तेव्हा आमचं तोंड दोऱ्याला चालत नव्हतं. आज मिथेनॉलला चालतं.

पोरांनो, तुमच्या वस्तीत असं झालं तर भाषण पुढं ढकला. आधी माणूस हॉस्पिटलला न्या. प्यायलेला उठून कामाला जातो, बारा तास, कधी दिवसभर काही होत नाही, म्हणून घरचे गाफील राहतात. मग डोकं, पोट, श्वास जोरात, नि डोळ्यापुढं धुकं. अण्णा म्हणतो, कापूस पिंजतात तसं दिसत होतं. धुकं म्हटलं की घाई. डॉक्टरला मिथेनॉल हा शब्द सांगा, नुसतं दारू प्यायला सांगू नका. उतारा आहे, फोमेपिझोल, नाही तर डॉक्टरच्या देखरेखीत साधं इथेनॉल, आणि डायलिसिस. वेळेत झालं तर डोळे वाचतात. अण्णाला रात्रभर "उतरेल सकाळी" म्हणून बाकड्यावर ठेवलं होतं.

आणि मग पिंपामागं लागा. ज्या बाईनं ओतलं तिच्यामागं पोलीस आहेतच, तुमची गरज नाही. पिंप कुठल्या गोडाऊनचं, त्याचा परवाना कुणाच्या नावावर, स्टॉक रजिस्टरला किती आलं नि किती गेलं, टँकर कुठल्या बंदरातनं सुटला. २००५ चा माहिती अधिकार आहे, दहा रुपयाचा अर्ज आहे. परवाना दिला कुणी, तपासणीला शेवटचा साहेब कधी आला, ते विचारा. उत्तर येणार नाही. अपील करा. पिंपावर बॅच नंबर असतो, तो कोणी खरवडायच्या आत उतरून घ्या, फोनमध्ये फोटो काढा.

हे लिहून झाल्यावर मी अण्णाला वाचून दाखवलं. पणज्याचं ऐकून हसला. मग म्हणाला, "आपल्या पिंपाचा नंबर लिवलास का?"

त्या रात्री कुणी बघितलाच नव्हता.