परिपत्रकांवर संसार चालत नाही

समलिंगी विवाहासंबंधीच्या फेरविचार याचिका सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या. अशा विवाहाला मान्यता नाकारणाऱ्या ऑक्टोबर 2023 च्या निकालात उघड चूक दिसत नाही, असे पाच न्यायमूर्तींनी दालनात कागद पाहून ठरवले. खुल्या सुनावणीची विनंती मान्य झाली नाही. इतक्या नागरिकांच्या घरादाराशी निगडित प्रश्न भर न्यायालयात पुन्हा ऐकला जाऊ नये, हे खेदजनक आहे.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम 377 गेले, आता आणखी काय हवे, हा प्रश्न सप्टेंबर 2018 पासून सतत विचारला जातो. हवी आहे ती समानता. गुन्हेगार न ठरणे म्हणजे समान नागरिक होणे नव्हे.

लग्नाचा विषय संसदेचा, असे न्यायालयाने 2023 मध्ये म्हटले, तेव्हा केंद्राने कॅबिनेट सचिवांच्या समितीचे आश्वासन दिले होते. समिती 2024 मध्ये नेमली गेली आणि तिच्यातून निघाली ती पत्रे. शिधापत्रिकेसाठी जोडीदार एकाच कुटुंबातले मानावेत, बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नॉमिनी करण्यास अडचण नाही, मृत जोडीदाराचे पार्थिव ताब्यात घेता यावे. पण जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील, तर! म्हणजे ज्या भावाने वर्षानुवर्षे तोंड पाहिले नाही, तो ऐनवेळी रुग्णालयात हजर झाला की हक्क त्याचा. रात्रंदिवस उशाशी बसलेला माणूस परका.

बँकेच्या सवलतीतही फारसा दम नाही. नॉमिनी हा पैशाचा मालक नसतो, तो वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारतो. मृत्युपत्र नसेल तर ती रक्कम रक्ताच्या नातेवाइकांकडे जाते. विमा कायद्यातील 2015 च्या दुरुस्तीने नॉमिनीला रकमेवर खरा हक्क दिला, मात्र तो आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांनाच. कुटुंब निवृत्तिवेतनात समलिंगी जोडीदाराला जागा नाही. पत्नीला दिलेली भेट करमुक्त असते. जोडीदाराला वर्षात 50 हजारांहून अधिक दिले की त्याला प्राप्तिकर लागतो. कर घेताना हे नागरिक सरकारला बरोबर दिसतात, हक्क देताना दिसत नाहीत.

न्यायालयीन दिलासा किती अपुरा पडतो, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. नागपूरचे डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. फेब्रुवारी 2010 मध्ये त्यांच्या निवासस्थानी घुसून त्यांच्या समलिंगी संबंधांचे चित्रीकरण झाले आणि विद्यापीठाने निलंबित केले ते सिरस यांनाच. दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा नाही असे सांगितल्याला तेव्हा सात महिने झाले होते. एप्रिलच्या आरंभी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबन स्थगित केले. त्यानंतर आठवडाभरातच सिरस आपल्या घरात मृतावस्थेत सापडले.

आजही चित्र फार बदललेले नाही. ज्येष्ठ वकील सौरभ कृपाल यांची दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदासाठी शिफारस न्यायवृंदाने नोव्हेंबर 2021 मध्ये केली, जानेवारी 2023 मध्ये पुन्हा केली; नेमणूक अजून नाही. आपण समलिंगी आहोत हे उघडपणे सांगणाऱ्या निष्णात वकिलाची ही गत. मग जिल्ह्याच्या गावातल्या सतरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने स्वतःला कशाच्या बळावर स्वीकारायचे? आईवडील त्यांना ‘बरे’ करायला डॉक्टरांकडे नेतात. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1990 मध्येच काढली आणि असे ‘उपचार’ करणे हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये बजावले. तरीही त्या मुलाला घरात आणि वर्गात ऐकू येते ती टिंगलच. आत्मसन्मान एकट्याने कमवा, असे सांगून सरकार आणि समाज मोकळे होऊ शकत नाहीत.

नेपाळने नोव्हेंबर 2023 मध्ये पहिला समलिंगी विवाह नोंदवला. थायलंडमध्ये समान विवाहाचा कायदा जानेवारी 2025 मध्ये लागू झाला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल 2022 मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. ते चर्चेलाही आले नाही आणि लोकसभा विसर्जित झाली. न्यायालयाने आता दार लावून घेतले आहे. तेव्हा कॅबिनेट सचिवांच्या समितीने पत्रांचा खेळ थांबवून कायद्याचा मसुदा द्यावा आणि महाराष्ट्राच्या 48 खासदारांनी अर्थसंकल्पी अधिवेशनात तो मागावा.