चालते, पण उत्तर तेच देते का?

औषधाच्या चाचणीतले सात रुग्ण तपासणीला आलेच नाहीत, तर त्यांच्या रक्तशर्करेच्या रकान्यात काय लिहायचे? शून्य लिहिणे म्हणजे खोटे लिहिणे. 'आर' या संगणकभाषेत तिथे 'एनए' लिहितात, म्हणजे मोजमाप उपलब्ध नाही. शून्याला शून्याने भागण्यासारखे निरर्थक गणित झाले, तर ती 'एनएएन' असे वेगळे उत्तर देते. माहिती नसणे वेगळे आणि गणितालाच अर्थ नसणे वेगळे.

ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकात घडवलेली ही भाषा खुली आणि मोफत असल्याने वैद्यकीय संख्याशास्त्रात सर्रास वापरली जाते. नवी चिप आली, की तिच्यावर ही भाषा चालवून दाखवणारेही पुढे येतात. त्यांच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण नुसती 'चालली' म्हणून टाळ्या वाजवणे मला पटत नाही.

गोम अशी आहे. प्रोसेसरच्या लेखी एनए आणि एनएएन दोन्ही 'संख्या नाही' याच वर्गातले. ओळख पटावी म्हणून आर एनएच्या पोटात १९५४ हा आकडा खुणेसारखा दडवून ठेवते. इंटेलच्या चिपवर बेरीज केली तरी ही खूण सहसा टिकते. 'रिस्क-फाइव्ह' या खुल्या रचनेच्या चिपवर मात्र अशा गणिताचे उत्तर एकाच ठरावीक साच्यात येते. भाषेने स्वतः काळजी घेतली नाही, तर एनएमध्ये एक मिळवताच खूण पुसली जाते. प्रोग्राम अडत नाही, इशारा येत नाही. रिकाम्या नोंदी वगळून सरासरी काढली, तर दोन्ही सारखेच वगळले जातात आणि उत्तर बरोबर येते! म्हणून तर ही चूक नजरेतून सुटते. न आलेला रुग्ण आणि बिघडलेले सूत्र यांची सरमिसळ पुढे अहवालात दिसते.

ॲपलची एम१ चिप नोव्हेंबर २०२० मध्ये आली, तेव्हा प्रश्न वेगळे होते. आरचा बराच भाग फोर्ट्रानमध्ये आहे आणि त्या चिपसाठी फोर्ट्रानचा कंपायलर अजून घडत होता. शिवाय इंटेलवर लांबलचक बेरजा ८० बिटांत होतात, एम१वर ६४ बिटांत. शेवटच्या दशांशस्थळी फरक पडू शकतो. त्या चिपसाठीची अधिकृत आवृत्ती मे २०२१ मध्ये, ४.१.० सोबत आली. मधले सहा महिने वाया गेले असे मला वाटत नाही.

आयआयटी मद्रासची 'शक्ती' आणि सी-डॅकची 'वेगा' या आपल्या चिप रिस्क-फाइव्हच्याच आहेत. उद्या एखाद्या रुग्णालयाचा संशोधन विभाग अशा यंत्रावर आर बसवणार असेल, तर त्याने आधी एक जुना, रिकाम्या नोंदी असलेला अभ्यास दोन्ही यंत्रांवर चालवून आकडे शेजारी ठेवावेत. कोणत्या पॅकेजच्या चाचण्या नापास झाल्या, याची यादीही मागावी. वेगाचे तक्ते नंतर पाहता येतील.