मोठा पंप हा इलाज नव्हे



नव्याने बांधलेल्या इंजिनात ऑइलचा दाब कमी दिसला की मोठा पंप बसवा, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला पटला नाही. पंप ऑइल ढकलतो. दाब तयार होतो तो क्रँक-बेअरिंगमधल्या फटीत ते अडल्यामुळे. फट जास्त राहिली असेल तर मोठा पंप फक्त काटा वर चढवील, दुखणे झाकील. फट योग्य असेल तर जादा ऑइल रिलीफ व्हॉल्व्हमधून चेंबरमध्ये परत; ताकद वाया, वर ऑइल तापणार ते वेगळेच. आधी थेट नळीचा गेज लावून गरम इंजिनावर दाब मोजा. मग पंपाची जाळी आणि रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग पाहा. आमच्याकडे तर कोळशाची अन् चुन्याची धूळ; ती आत गेली की बेअरिंग झिजून फट वाढते. फाटका एअर फिल्टर तसाच ठेवून पंपाला शिव्या देण्यात काय अर्थ?

– एक वाचक, राजूर (ता. वणी, जि. यवतमाळ)