गाय अनुदानावर, दूध वाऱ्यावर

दूध आंदोलनाची बातमी आली की आपल्या ग्रुपवर एक ठरलेला मेसेज येतो : "हे बागायतदारांचं भांडण, आपला काय संबंध?" सीवूड्स-नेरूळमध्ये वाढलेल्या आपल्या तरुणांकडून तो जास्त येतो. रस्त्यावर दूध ओतणारा म्हणजे सहकारसम्राटांचा जातभाई, ॲट्रॉसिटी कायद्याविरुद्ध मोर्चे काढणाराही तोच, असा हा हिशेब. या रागाला कारणे आहेत. पण हिशेब चुकीचा आहे. दुधाचा भाव पडला की सगळ्यात आधी ज्याचा गोठा रिकामा होतो, तो माणूस गावातल्या आपल्याच वस्तीत राहतो.

पशुसंवर्धन विभागाची विशेष घटक योजना बघा. अनुसूचित जातीच्या लाभार्थ्याला दोन दुधाळ जनावरे, ७५ टक्के अनुदान. उरलेले २५ टक्के त्याने उभे करायचे, बहुतेकदा उसनवारीने. गायीला हार घालून फोटो निघतो आणि सरकारचे काम संपते. चारा कुठून येणार, दूध कोणत्या भावाने जाणार, हे योजनेत कुठेच नाही.

आता दोन गोठे शेजारी ठेवा. एकाला पाच एकर बागायत आहे. मका, घास, कडवळ शेतातलेच, मुरघासाचा खड्डाही स्वतःचा. दुसरा भूमिहीन. पेंड विकत, कडबा विकत, हिरवा चाराही बांधावरून कापून आणायला मालकाची परवानगी लागते. दोघांचे दूध एकाच काट्यावर जाते आणि दोघांना एकच भाव मिळतो. भाव सात रुपयांनी उतरला तर पहिल्याचा नफा जातो, दुसऱ्याची गाय जाते. आणि त्या गायीमागे पहाटेपासून राबणारी असते घरातली बाई. तिची मजुरी तर कुठल्याच उत्पादन खर्चात धरली जात नाही.

हे सात रुपये मी हवेतून काढलेले नाहीत. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गायीच्या दुधाला लिटरमागे किमान ३४ रुपये दर ठरवून दिला. हिवाळा येईपर्यंत डेअऱ्या २७ रुपये आणि त्याहूनही कमी देत होत्या. दहा लिटरच्या एका गायीमागे महिन्याला २,१०० रुपये गेले. आदेश मोडणाऱ्यांचे काय झाले? काहीच नाही. उलट सरकारने त्यांचा २७ चा दर मान्य केला आणि जानेवारी २०२४ पासून वर ५ रुपये अनुदान द्यायला सुरुवात केली. जुलै २०२४ मध्ये ठरले, डेअरीचे ३० आणि सरकारचे ५. ऑक्टोबरमध्ये डेअरीचे २८ आणि सरकारचे ७. बेरीज दोन्ही वेळा ३५. म्हणजे तिजोरीतून जे दोन रुपये वाढले ते शेतकऱ्याच्या नाही, डेअरीच्या खिशात गेले. आणि नाव कुणाचे? शेतकऱ्याचे अनुदान!

ते मिळवायलाही जनावराच्या कानात बिल्ला हवा होता, पोर्टलवर नोंद हवी होती, आधार जोडलेले बँक खाते हवे होते. दोन-चार लिटर दूध असलेली बाई अनेकदा शेजाऱ्याच्या नावावर दूध घालते. अनुदान अर्थातच त्या नावावर गेले.

डेअरीवाले म्हणतात, पावडर आणि बटरचे दर पडले, आम्ही काय करणार. दर पडतात हे खरेच आहे. पण मग याच काळात, ३ जून २०२४ पासून, अमूलने पिशवीच्या दुधात लिटरमागे २ रुपये वाढ केली ती कशी? त्याच महिन्यात महाराष्ट्रातले शेतकरी २५-२७ रुपयांना दूध घालत होते आणि जुलैत अकोले तालुक्यातल्या कोतूळमध्ये किसान सभेचे लोक ४० रुपयांच्या मागणीसाठी धरण्यावर बसले होते. सीवूड्सच्या दुकानात आपण पैसे जास्त मोजले आणि कोतूळच्या गोठ्यात ते पोचले नाहीत. फॅट मोजणारे यंत्र डेअरीचे, काटा डेअरीचा, दर डेअरीचा. शेतकऱ्याचे फक्त दूध.

यात आपला आणखी एक हिशेब आहे. बाबासाहेबांनी 'जातिभेद निर्मूलन'मध्ये चकवाड्याची १९३६ ची घटना नोंदवली आहे. अस्पृश्यांनी स्वतःच्या जेवणावळीत तूप वाढले म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. आज तूप खाल्ले म्हणून सहसा कोणी मारत नाही, पण अनेक गावांत आपल्या घरच्या दुधाचे रतीब अजून लागत नाहीत. घरोघरी जादा भावाने दूध घालायची वाट बंद, म्हणून आपल्या माणसाला डेअरीशिवाय पर्याय नाही. डेअरीचा कॅन जात विचारत नाही, ही त्याची चांगली बाजू. पण एकच गिऱ्हाईक उरले की ते म्हणेल तो भाव.

आणि गाय आटली तर? १९७६ च्या कायद्याने गोहत्याबंदी होतीच, २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. वर रस्त्यावर गोरक्षकांच्या टोळ्या. भाकड गाय आणि संकरित गोऱ्हा विकत घ्यायला कोणी धजत नाही. गोमातेचा जयजयकार करणारे तिला सांभाळायचा खर्च मात्र भूमिहीनाच्या माथी मारतात. ती मेली की ओढायला पुन्हा आपल्यालाच बोलावणार, आणि २०१६ मध्ये उनात काय झाले ते सगळ्यांना आठवते.

चाऱ्याचा प्रश्न शेवटी जमिनीवर येतो. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते यासाठीच. २०२२ च्या अखेरीस गायरानावरची अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा सर्वाधिक धास्ती कोणत्या वस्त्यांना बसली, हे वेगळे सांगायला नको. एका हाताने गाय द्यायची आणि दुसऱ्या हाताने गायरान काढून घ्यायचे!

म्हणून अनुदानाच्या मागणीवर आपण समाधान मानू नये. उसाला एफआरपी आहे, १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे, उशीर झाला तर व्याज आहे. दुधाला असा कायदा का नाही? किसान सभा हे मागते आहे, आपण सोबत जायला हवे. मात्र आपली मागणी घेऊन : योजनेतल्या प्रत्येक गायीमागे गायरानात चाऱ्याचा हक्क, आणि उत्पादन खर्च काढताना विकतचा चारा आणि बाईची मजुरी धरलीच पाहिजे.

शहरात बसून काय करणार, असे कोणी विचारेल. तुम्ही ज्या दारावे-करावेच्या जमिनीवर राहता तिथल्या भूमिपुत्रांनाही भाव आपोआप मिळाला नव्हता. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा सरकार हलले. आपल्याला सध्या एक अर्ज करायचा आहे. दिवाळीत गावी जाल तेव्हा आपल्या पंचायत समितीच्या पशुसंवर्धन अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात विचारा : गेल्या पाच वर्षांत विशेष घटक योजनेतून किती जनावरे दिली, कोणाला दिली. मग ती यादी घेऊन वस्तीत फिरा आणि त्यातल्या किती गायी आज दावणीला आहेत ते मोजा.