जुळं आहे? मीठ तोडू नका, बीपी मोजा!

सोनोग्राफीत दोन ठोके दिसले की घरात दोन गोष्टी ठरतात. आता तिघांचं खायचं, आणि पाय सुजले की मीठ बंद. मागच्या महिन्यात आलेल्या एका पेशंटचं तेच झालं होतं. बत्तिसावा आठवडा, महिनाभर अळणी जेवण, शिवाय रोज डिंकाचे लाडू आणि महागडी प्रोटीन पावडर. डोकं दुखतंय म्हणाली तर सासूबाई म्हणाल्या, "पित्त झालं असेल." बीपी निघालं 160/110. त्याआधीचे पाच आठवडे ते कुणी मोजलंच नव्हतं.

राग सासूबाईंवर नाही. गरोदरपणात "मीठ कमी करा" हे केसपेपरवर लिहीत कोण आलं? आम्हीच.

प्रीएक्लॅम्प्सिया म्हणजे विसाव्या आठवड्यानंतर बीपी 140/90 किंवा जास्त, आणि सोबत लघवीत प्रोटीन किंवा लिव्हर, किडनी, प्लेटलेट्समध्ये बिघाड. दुखण्याचं मूळ वारेत असतं. जुळ्यांत वारेचा पसारा मोठा, म्हणून धोका दुप्पट-तिप्पट. मीठ तोडून तो टळत नाही. सी आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनीही नाही, हे मोठ्या चाचण्यांत तपासून झालं आहे. आणि लघवीतून प्रोटीन जातंय म्हणून पावडर पाजायची? अहो, गळती किडनीतून आहे, ताटात प्रोटीन कमी पडलं म्हणून नाही!

मग आहाराचा संबंधच नाही का? आहे. ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी, त्यांचा धोका कॅल्शियमच्या गोळ्यांनी कमी होतो. म्हणूनच सरकारी केंद्रात चौथ्या महिन्यापासून 500 मिलिग्रॅमच्या रोज दोन गोळ्या देतात. फुकट मिळतात म्हणून त्या डब्यात पडून राहतात! नाचणी, दूध, तीळ खाच, पण गोळ्या चुकवू नका. लोहाच्या गोळीबरोबर मात्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा.

दुसरी गोष्ट वजन. ते आधीच जास्त असेल तर धोका वाढतो, तिथे "तिघांचं खा" हा सल्ला घातकच. बारीक बाईने मात्र पोट मारू नये. सर्वसाधारण वजनाच्या बाईचं जुळ्यांत एकूण 17 ते 25 किलो वाढणं योग्य मानतात.

आणि ज्या गोळीबद्दल कुणी विचारत नाही ती म्हणजे कमी डोसची अ‍ॅस्पिरिन. बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात सुरू केली तर धोका कमी होतो. स्वतःहून घेऊ नका, पण जुळं कळल्यावर "मला ती हवी का?" हे डॉक्टरांना विचारा. पावडरच्या एका डब्याच्या पैशात ती कित्येक महिने पुरते.

डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहरा एकाएकी सुजणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका.

त्या पेशंटला त्याच रात्री मॅग्नेशियम सल्फेट देऊन सिझेरियन करावं लागलं. दोन्ही मुली तीन आठवडे काचेच्या पेटीत होत्या, परवा घरी गेल्या. आईच्या बीपीच्या गोळ्या अजून चालू आहेत, आणि या वेळी बीपी मोजायला सासूबाईच तिला घेऊन येतात.