शेवटचा शब्द कोणाचा?

गावाकडची दोन गुंठे जमीन आणि शहरातला दोन खोल्यांचा ब्लॉक कोणाला द्यायचा, हे ठरवण्यासाठी आपल्याकडची माणसे वकिलाकडे खेपा घालतात. शेवटच्या आजारात आपल्या देहाचे काय व्हावे, याविषयी मात्र घरात चकार शब्द काढत नाहीत. कुणी काढलाच, तर ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणून त्याला गप्प केले जाते. या मौनाची किंमत पुढे मुलाबाळांना मोजावी लागते.

अतिदक्षता विभागाच्या दाराशी ती दिसते. ऐंशीच्या घरातले वडील आत बेशुद्ध. डॉक्टर विचारतात, ‘व्हेंटिलेटर लावायचा का?’ जवळ राहणारी मुलगी म्हणते, ‘हाल नकोत.’ अमेरिकेतला मुलगा फोनवरून सांगतो, ‘होईल ते सगळे करा.’ दोघांचेही प्रेम खरे. पण वडिलांना काय हवे होते, हे दोघांनाही ठाऊक नसते. मग ‘आपण कमी पडलो’ ही टोचणी जन्मभर लागू नये, म्हणून सही केली जाते.

महाराष्ट्राने या प्रश्नाची दोन टोके पाहिली आहेत. १९८२ साली पवनारला विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारले. आपला नकार ते स्वतः कळवू शकत होते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या वाट्याला ते भाग्य नव्हते. १९७३ साली झालेल्या पाशवी हल्ल्यानंतर २०१५ साली मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. त्यांच्यासाठी पिंकी विराणी यांनी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली फेटाळली, पण जगवणारे कृत्रिम उपचार विशिष्ट परिस्थितीत थांबवता येतील, हे तत्त्व मान्य केले.

त्यापुढचे पाऊल ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर पडले. सन्मानाने मरणे हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निकाल घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी दिला आणि वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे ‘लिव्हिंग विल’ला, मान्यता दिली. मात्र त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही हवी होती. ती आणायला जाणार कोण? २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ही अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावे त्यात घालायची आणि एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. गोव्यात २०२४ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे असे पत्र केले. महाराष्ट्रात हे अधिकारी नेमले जावेत, यासाठी डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावे लागले.

या पत्राविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. अपघातात सापडलेल्या किंवा हृदयविकाराचा झटका आलेल्या, वाचू शकणाऱ्या माणसाचे उपचार ते अडवत नाही. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल आणि बरे होण्याची आशा उरली नसेल, तेव्हाच त्याचा प्रश्न येतो. इंजेक्शन देऊन मरण आणणे हा आजही गुन्हाच आहे. व्हेंटिलेटर काढला, तरी वेदना कमी करणारी शुश्रूषा चालूच राहते. शिवाय हे पत्र केव्हाही लेखी रद्द करता येते.

एक शंका मात्र रास्त आहे. इस्टेटीवर डोळा ठेवणारे नातेवाईक याचा गैरफायदा घेणार नाहीत का? किंवा बिलाचा आकडा पाहूनच निर्णय होणार नाही का? म्हणून तर तीन-तीन डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती आवश्यक ठेवली आहे आणि उपचार थांबवण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. हा बंदोबस्त ढिला होता कामा नये. पण बंदोबस्त कितीही कडक असला, तरी रुग्णाला काय हवे होते, हे मंडळ ओळखू शकत नाही. ते त्याने स्वतःच सांगून ठेवायला हवे.

कागद करून तो मुदतठेवीच्या पावत्यांत ठेवून दिला, तर ऐन वेळी कोणाला सापडणार? त्याआधी घरात बोलणे व्हायला हवे. नळीतून अन्न चालेल का? शेवटचे दिवस रुग्णालयात काढायचे की घरी? ‘सगळे उपाय करा’ अशी कोणाची इच्छा असेल, तर तीही कळायला हवी. निर्णयासाठी ज्याचे नाव घालायचे, त्याला हे ओझे पेलेल का, हे आधी विचारावे आणि ते नाव इतर भावंडांनाही सांगावे. पहिल्यांदा हा विषय काढताना जीभ अडखळेल. पण आई-वडिलांनी तो आपणहून काढला, तर त्या दाराशी उभ्या राहणाऱ्या मुलांना निदान एकमेकांशी भांडावे लागणार नाही.